दहावी भूमिती घरून रेकॉर्ड करताना – प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला की टोळ्या निघायला लागतील. माझ्या क्लासमधली सात-आठ पोरं आईवडलांबरोबर ऊसतोडीला जाणार, कोणी कोल्हापूरकडं, कोणी पार बेळगावकडं, आणि फेब्रुवारीत बोर्ड. परीक्षेला परत येतात, पण मधले महिने कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागी बांधलेल्या झोपडीत. बीजगणित पुस्तकावरून आणि फोनवर विचारून बरंचसं जमतं त्यांना, भूमिती मात्र हात फिरताना दिसल्याशिवाय कळत नाही, कंपास कुठं टेकवला आणि किती उघडला हे बघावंच लागतं. म्हणून यंदा गणित भाग २ मधले भौमितिक रचना आणि वर्तुळ हे दोन धडे आधी रेकॉर्ड करायचे, मग वेळ मिळेल तसे समरूपता आणि पायथागोरस.

मोबाइलवर घाईत काढलेले व्हिडिओ मागच्या वर्षी पाठवले होते, ते बघून पोरं पुन्हा मलाच फोन करायची की बाई इथं काय लिहिलंय. या वेळी नीट करायचं ठरवलंय. घरात काय आहे ते आधी मांडलं: विंडोजचा लॅपटॉप, भाच्यानं दिलेला १०८० चा ऑटोफोकसवाला वेबकॅम, एक कॉलर माइक, आणि ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे आणि चांगलं आहे. खोली मागची, दक्षिणेला खिडकी, शहाबादी फरशी, एक एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांब दिवा.

एक गोष्ट पक्की लिहून ठेवते. हे व्हिडिओ कोणी मोठ्या स्क्रीनवर बघणार नाहीये. घरात एकच फोन, तो दिवसभर उसाच्या फडात बापाच्या खिशात, संध्याकाळी कोपीवर आला की पोरांच्या हातात, काच बहुतेक तडकलेली, नेट कधी आहे कधी नाही. त्या स्क्रीनवर कंसाची खूण दिसली पाहिजे आणि माझं वाक्य कळलं पाहिजे. माझ्यासाठी क्वालिटी म्हणजे एवढंच, आणि शिवाय फाइल लहान पाहिजे.

८ ऑक्टोबर

चेहरा दाखवायचा का यावर विचार केला. सुरुवातीला अर्धा मिनिट दाखवते, कारण पोरांना बाई दिसल्या की बरं वाटतं, ती बसून ऐकतात. त्यासाठी लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला, लेन्स डोळ्यांच्या रेषेत आली आणि आढ्यावरचा पंखा फ्रेममधून गेला. हातभर मागं बसलं की चेहरा नेहमीसारखा दिसतो, फार जवळ बसलं की वाइड लेन्समुळं नाक पुढं येतं. बोलताना स्क्रीनवर स्वतःकडं नाही, लेन्सकडं बघायचं. चेहऱ्याचं एवढंच, बाकी सगळा वेळ वरून कागद.

वरून कॅमेरा लावायला स्टँड विकत घ्यायची गरज पडली नाही. रॅकला लावतात तो छिद्रांचा लोखंडी अँगल घेतला, टेबलाशेजारच्या रॅकला दोन बोल्टनी आडवा कसला, आणि त्याच्या टोकाच्या छिद्रातून वेबकॅम. वेबकॅमच्या बुडाला ट्रायपॉडचे आटे असतात, पाव इंची, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पाव इंची बोल्ट त्यात बसतो. बोल्ट लांब घेऊ नये, आत टेकला आणि तरी पिळला तर आटेच जातील, म्हणून मधे एक नट घालून तीन-चार आटेच बाहेर ठेवले. कॅमेरा कागदापासून फूटभर उंच. तिथून साधारण ४२ सेंमी रुंद टेबल दिसतं.

१० ऑक्टोबर

आजचा सगळा दिवस कॅमेरा सरळ करण्यात गेला आणि ते गरजेचंच होतं. कंपास वापरताना वरून बघितलं तर कंपासचं डोकंच दिसतं, टोक कुठं टेकलंय ते झाकलं जातं. म्हणून कॅमेरा थोडा तिरपा केला तर टोक दिसायला लागलं पण वर्तुळ अंडाकृती. इतर कुठल्या विषयाला हे चाललं असतं, भूमितीला नाही. पोरीनं वर्तुळ म्हणून जे बघायचं ते वर्तुळच दिसलं पाहिजे, आणि काटकोन काटकोनच.

मग असं केलं. कॅमेरा अगदी काटकोनात खाली बघणारा ठेवला, आणि कागद असा सरकवला की कंपासचं टोक लेन्सच्या बरोबर खाली न येता चार-पाच बोटं बाजूला येईल. तेवढ्यानं कंपास फ्रेममधे बाहेरच्या बाजूला कललेला दिसतो आणि टोक उघडं राहतं. वर्तुळ गोल ते गोलच.

कॅमेरा काटकोनात आहे का हे बघायची युक्ती भाच्यानं फोनवर सांगितली, "मावशी, कागदाच्या जागी हातआरसा ठेव आणि फ्रेमच्या मधोमध लेन्सला स्वतःचीच लेन्स दिसते का बघ." म्हणजे पूर्ण फ्रेमच्या मधोमध, क्रॉप करायच्या आधी. आरसा सपाट ठेवला, लेन्सचं प्रतिबिंब मधल्यापासून बरंच डावीकडं होतं. अँगलखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला, थोडं कसलं, थोडं सैल केलं, आलं मधे. स्पिरिट लेव्हलनं हे झालं नसतं, कारण टेबलच सपाट आहे की नाही कोणाला माहीत, आरसा मात्र टेबलाशी काटकोन सांगतो आणि मला तोच हवाय.

चित्र उलटं येत होतं कारण कॅमेऱ्याची वायर पलीकडच्या बाजूनं घेतलीय. ओबीएसमधे ट्रान्स्फॉर्ममधे जाऊन १८० अंशात फिरवलं. फ्लिप करायचं नाही, फ्लिप केलं की अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होतात.

१२ ऑक्टोबर

दसरा. काम नाही. पोरं सोनं द्यायला आली होती, त्यातली दोघं याच आठवड्यात निघणार आहेत. त्यांच्या घरचे नंबर आणि मुकादमाचा नंबर, दोन्ही लिहून घेतले.

१४ ऑक्टोबर

उजेड. संध्याकाळी बॅटनखाली रेकॉर्ड केलं तर पांढऱ्या कागदावर करड्या पट्ट्या वरून खाली सरकताना दिसतात. डोळ्याला दिवा अगदी स्थिर, व्हिडिओत मात्र कागद जणू श्वास घेतोय.

याचं कारण समजून घेतलं, ते इथं लिहिते कारण पुढं कोणालाही लागेल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं वरून खाली टिपतो, त्यामुळं काही ओळी दिवा जास्त असताना आणि काही कमी असताना टिपल्या जातात, त्याच पट्ट्या. बरेच वेबकॅम आल्याबरोबर ६० हर्ट्झवर सेट असतात, अमेरिकेच्या विजेसाठी. ओबीएसमधे कॅमेऱ्यावर डबल क्लिक, कॉन्फिगर व्हिडिओ, तिथं पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी ५० केली. आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ३० वरून २५. १०० ला ३० नं पूर्ण भाग जात नाही म्हणून पट्ट्या सरकतात, २५ नं बरोबर चार वेळा जातो म्हणून राहिल्याच तर एका जागी थांबतात. पट्ट्या गेल्या.

तिथंच लो लाइट कॉम्पेन्सेशनची टिक होती, ती काढली. ती असली की उजेड कमी पडल्यावर कॅमेरा गुपचूप फ्रेम रेट पाडतो आणि हात तुटकतुटक हलतो.

व्हिडिओ फॉरमॅट पण बघावा. वायटूवाय नावाचा कच्चा फॉरमॅट निवडलेला असेल तर १०८० ला सेकंदाला जेमतेम पाच फ्रेम येतात. साधा गुणाकार आहे: १९२० गुणिले १०८० गुणिले १६ बिट गुणिले ३० म्हणजे सेकंदाला ९९५ मेगाबिटच्या आसपास, आणि यूएसबी २ ची वाहिनीच मुळात ४८० ची. एमजेपेग निवडलं की कॅमेरा स्वतःच दाबून पाठवतो आणि सुरळीत चालतं.

१५ ऑक्टोबर

पट्ट्या परत आल्या, पण का ते लगेच कळलं.

कॅमेरा ऑटोवर असताना पांढरा कागद बघून तो एक्स्पोजर, म्हणजे एक चित्र टिपताना घ्यायचा उजेड, कमी करतो, कागद मळकट करडा आणि हात काळा. हात बाजूला काढला की पुन्हा सगळं बदलतं. तेच फोकसचं, हात कागदावर आला की हातावर फोकस, गेला की पुन्हा कागद शोधत बसतो, आणि तेवढ्यात मी तीन शब्द बोललेली असते. म्हणून तिन्ही ऑटो बंद केले, फोकस कागदावर लॉक, एक्स्पोजर लॉक, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग कसा दिसावा ते ठरवणारं सेटिंग, तेही लॉक. चित्र एकदम शांत झालं, फार फरक पडला.

पण विंडोजमधे एक्स्पोजर हातानं द्यायचं तर आकडे -५, -६, -७ असे येतात, म्हणजे एक चित्र टिपायला सेकंदाचा १/३२, १/६४, १/१२८ भाग. सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होणाऱ्या आपल्या दिव्याला १/५० किंवा १/१०० पाहिजे, तो यात नाहीच. ऑटोवर असताना ५० हर्ट्झचं सेटिंग कॅमेऱ्याला बरोबर वेळ निवडायला लावत होतं, लॉक केलं की ती सोय गेली. म्हणजे औषध कॅमेऱ्यात नाही, दिव्यात आहे. न लुकलुकणारा दिवा आणायला पाहिजे.

१७ ऑक्टोबर

इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. त्यांना सांगितलं मला बल्ब लावून फोनमधून बघू द्या, बिचारे ओळखीचे आहेत, हो म्हणाले. फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकायचा आणि पेटलेल्या बल्बसमोरच्या पांढऱ्या भिंतीचा थोडा व्हिडिओ काढायचा. ज्या बल्बच्या आतल्या सर्किटमधे वीज सपाट करणारा कपॅसिटर नीट नाही त्याच्यात भिंत सरळसरळ धडधडताना दिसते. ज्याच्यात आहे त्याच्यात भिंत स्थिर. काउंटरवर एकामागून एक लावले, त्यातला एक महागातला धडधडत होता आणि एक साधा अगदी स्थिर, तेव्हा किंमत बघून काही ठरवू नये. दुकानदार स्वतःच नंतर बघायला लागले की आणखी कुठला कसा आहे.

स्थिर निघाले त्यातले १२ वॅटचे दोन घेतले, दोन्ही एकाच कंपनीचे एकाच रंगाचे, ६५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. एक पिवळा एक पांढरा असं केलं की कागदाची एक बाजू पिवळट आणि एक निळसर येते आणि व्हाइट बॅलन्स कुठलाच बरोबर बसत नाही.

दिवे लावले दोन बाजूंना, डावीकडं आणि उजवीकडं, कागदाशी ४५ अंशात, साधारण दोन हात लांब. जुन्या कागदपत्रांचे फोटो काढायची हीच पद्धत आहे. वरून सरळ दिवा लावला की पेन्सिलीची रेघ चमकते आणि चमकली की दिसेनाशी होते, बाजूनं लावला की चमक लेन्सकडं येतच नाही. मी उजव्या हातानं लिहिते म्हणून हाताची सावली लिहितेय तिथंच पडू नये यासाठी डावा दिवा जरा जवळ. अंतर थोडं कमी केलं तरी उजेड बराच वाढतो, निम्मं केलं तर चौपट. दोन्ही दिव्यांपुढं बटर पेपर लावलाय, बल्बला चिकटून नाही, वीतभर पुढं, त्यानं सावलीची कड मऊ होते.

बॅटन बंद. खिडकीला जाड पडदा. म्हणजे सकाळी काय आणि रात्री काय, उजेड तोच.

२० ऑक्टोबर

आज कागद-पेनाचं काम, आणि यातच खरं सुधारलं असं मला वाटतं.

पाठवायचा व्हिडिओ ४८० चा, म्हणजे ८५४ पिक्सेल रुंद. पूर्ण ए४ आडवा दाखवला तर मिलिमीटरला तीनसुद्धा पिक्सेल येत नाहीत, एचबी पेन्सिलीची बारीक रेघ त्यात विरघळून जाते. म्हणून ओबीएसमधे ऑल्ट दाबून कडा आत ओढल्या आणि फक्त २२ सेंमी रुंद जागा ठेवली. आता मिलिमीटरला जवळजवळ चार. कॅमेऱ्याकडून त्या जागेचे हजारेक पिक्सेल येतात, तेव्हा क्रॉप करून गमावलं काहीच नाही.

आकृती मोठी काढावी का? नाही काढणार. पुस्तकात ३ सेंमी त्रिज्या आणि केंद्रापासून ७ सेंमीवर बिंदू असेल तर मी पण ३ आणि ७ च घेणार, पोर व्हिडिओ थांबवून स्वतःच्या वहीत पट्टी लावून तेच करणार असते. २२ बाय १२ च्या जागेत ही रचना व्यवस्थित बसते: मुख्य वर्तुळ ६ सेंमी व्यासाचं, केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडणारी ७ ची रेघ, तिचा लंबदुभाजक, आणि मध्यबिंदूवरून साडेतीनच्या त्रिज्येचं दुसरं वर्तुळ. हे दुसरं वर्तुळ पहिल्याला जिथं छेदतं ते दोन स्पर्शबिंदू. इथंच पोरं अडतात, की हे दुसरं वर्तुळ का काढलं, तर अर्धवर्तुळात अंतर्लिखित कोन काटकोन असतो आणि स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, दोन्ही तिथं भेटतात. तो काटकोन मी रंगीत खुणेनं दाखवणार आहे.

रेघांचं ठरवलं ते असं. दिलेली आकृती काळ्या जाड पेनानं. कंपासला पेन अडकवायचा होल्डर मिळतो, तो आणला, कंस निळ्यानं, कारण रचनेत कंसच महत्त्वाचे आणि पेन्सिलीत तेच पहिल्यांदा गायब होतात. उत्तर, म्हणजे स्पर्शिका, लाल. लाल आणि निळा यांच्या जाडीत फरक ठेवलाय, सगळ्यांच्या फोनवर रंग सारखे दिसतीलच असं नाही. बोर्डाच्या पेपरात पेन्सिलच वापरायची हे प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला सांगणार, नाहीतर पोरं तिथं पण निळा पेन काढतील. बिंदूंची नावं आकृतीला चिकटून न लिहिता जरा लांब, अक्षर किमान ८ मिलिमीटर.

कागदाखाली जाड पुठ्ठा. कंपासचं टोक त्यात रुततं, घसरत नाही. टेबलावर हात आपटल्याचा आवाजही त्यानंच मारला.

२३ ऑक्टोबर

आवाज. खोलीत मोकळ्या भिंती आणि फरशी, बोललं की घुमतं. माइक कितीही चांगला आणला तरी घुमलेला आवाज नंतर साफ होत नाही, तो आधीच मारावा लागतो. दोरी बांधून माझ्या पाठीमागं आणि डावीकडं दोन वाकळी टाकल्या, खाली सतरंजी. कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं. टाळी वाजवून बघायचं, टाळीमागून झणझण येत नसेल तर झालं.

कॉलर माइक पदराला लावला तर घासतो, म्हणून हनुवटीपासून वीतभर खाली, पिनेनं पक्का, आणि वायरचा एक वेढा करून पिनेत अडकवलाय म्हणजे ओढ माइकवर येत नाही. हेडफोन घालून ऐकलं तर बांगड्या. प्रत्येक रेघेला काचेची किणकिण, प्रत्यक्षात मला कधी ऐकूही येत नाही ती, पण माइकला येते. रेकॉर्डिंगपुरत्या उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडं सारून वर रुमाल बांधते.

लॅपटॉप चार्जरवर असला की एक बारीक घूंऽऽ येतं, चार्जर काढला की जातं. घरातल्या त्या बोर्डाला अर्थिंग नाहीये. म्हणून रेकॉर्डिंग बॅटरीवर. इन्व्हर्टरवर तर करतच नाही, आमच्या इन्व्हर्टरवर पंखा पण गुणगुणतो आणि माइकमधे पण येतं.

ओबीएसमधे आधी मागचा गोंगाट काढणारं नॉइज सप्रेशन, आरएननॉइजवर, त्यानंतर लहानमोठा आवाज सारखा करणारा कॉम्प्रेसर, शेवटी आवाज ठरल्यापेक्षा वर जाऊ न देणारा लिमिटर, हा क्रम. बोलताना आवाजाची पट्टी पिवळ्यात राहावी, -१२ डेसिबलच्या आसपास, लालमधे जाऊ नये. फोनचा स्पीकर इवलासा, त्यातून खालचा खर्ज निघतच नाही, तो उगाच जागा खातो म्हणून इक्वलायझरमधे लो कमी केला आणि मिड थोडा वाढवला. आणि मी हळू बोलणार. कोपीत बाजूला लहान भावंडं असतात, चूल पेटलेली असते.

२६ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग करता करता लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता तरी दिवे गेलेच, पण फाइल वाचली. बॅटरीही संपली तरी फाइल जाऊ नये म्हणून ओबीएसमधे रेकॉर्डिंग एमकेव्हीत ठेवायचं, एमपी४ मधे नाही. साध्या एमपी४ ची नोंद शेवटी लिहिली जाते, मधेच मशिन बंद पडलं तर अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्ही जिथवर झालं तिथवर शाबूत. नंतर फाइल मेनूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज म्हटलं की क्षणात एमपी४ होतं, क्वालिटी न बदलता. ज्यांच्याकडं वीज आपल्यासारखी येते-जाते त्यांनी हे आधी करावं.

२८ ऑक्टोबर

आज एमबीचा हिशोब, आणि आज मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

मूळ रेकॉर्डिंग सेकंदाला ८ मेगाबिटनं होतं, दहा मिनिटं म्हणजे ६०० एमबी. ते कोणाला पाठवायचं नाही, ते घरात राहतं. पाठवायची फाइल हँडब्रेक नावाच्या, व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढते, तेही फुकट आहे: ४८० पी, १५ फ्रेम, क्वालिटीचा आरएफ आकडा २६, आवाज मोनो ६४ केबीपीएस. नुसता आवाज धरला तर दहा मिनिटांना ५ एमबीच्या आत, बाकी चित्र. एकूण पंचवीसेक एमबी.

मग सहज म्हणून पहिल्या दिवशी बॅटनखाली घेतलेला तुकडा आणि आताचा तुकडा, दोन्ही एकेका मिनिटाचे, एकाच सेटिंगला टाकले. आताची फाइल निम्म्याहूनही लहान. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं मावशी, अंधारात कॅमेरा सिग्नल वाढवतो, मग सगळ्या चित्रावर दाणे नाचतात, आणि एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते दाणे खरेच वाटतात, प्रत्येक फ्रेमला नव्यानं लिहून ठेवावे लागतात." उजेड भरपूर असला की कागद स्थिर, हलतो तो फक्त हात, मग लिहून ठेवायला उरतंच काय. फोकस आणि एक्स्पोजर लॉक केल्याचा पण तोच फायदा, कागदाचा पांढरा रंग बदलतच नाही.

म्हणजे दोन बल्ब आणि बटर पेपर यांनी पोरांचा नेट पॅक वाचवला. इतके दिवस मला वाटायचं चांगली क्वालिटी म्हणजे मोठी फाइल, आणि गरीब पोरांना परवडायची तर क्वालिटी सोडावी लागणार. सोडावी लागत नाही. खराब रेकॉर्डिंगच महाग पडतं, आणि ते पैसे बघणाऱ्याच्या खिशातून जातात.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की ते परत दाबतं आणि निळे कंस पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, जसाच्या तसा जातो.

९ नोव्हेंबर

दिवाळीत कामाला सुट्टी होती. आज भौमितिक रचनेचा पहिला गठ्ठा गेला. एका व्हिडिओत एकच रचना, नाव मराठीत आणि पुढं एमबीचा आकडा, म्हणजे डाउनलोड करायच्या आधी पोरांना कळतं. जी पोरं अजून गावात आहेत त्यांना मेमरी कार्डवरच भरून दिलं.

२४ नोव्हेंबर

शिरोळ तालुक्यातून फोन आला, एका पोरीचा, तिच्या वडलांच्या फोनवरून. "बाई, तुमचा हात कुठं ठिवताव ते दिसतंय बगा आता." मग तिनं सांगितलं की ती रात्री नाही, दुपारी बघते, कारण रात्री फोनला चार्जिंग नसतं, आणि दुपारी उन्हात लाल रेघ काळ्यासारखीच दिसते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं असं नाही, जाडीचा फरक ठेवला होता, पण उन्हात तो पुरत नाही. आता स्पर्शिका लाल आणि तुटक रेघेत. उन्हात रंग हरवला तरी तुटक रेघ तुटकच राहते. बोर्डात तुटक काढायची नाही हे पण सांगायचं.

तिनं आणखी एक मागितलं, ते मला फार पटलं: कंपास उघडायच्या आधी किती उघडणार ते बोला आणि मग उघडा. नेट नसताना ती नुसता आवाज लावून हातानं करते.

२ डिसेंबर

आवाजावरून रचना करता येईल अशी वाक्यं लिहून काढली. "कंपासमधे साडेचार सेंमी अंतर घ्या. टोक केंद्रावर. रेघेच्या वर एक कंस, खाली एक कंस. अंतर न बदलता टोक आता बाहेरच्या बिंदूवर." हे वाचून क्लासमधल्या एका पोराला डोळे कागदावर ठेवून करायला लावलं, माझ्याकडं न बघता, आणि बरोबर आलं. प्रत्येक रचनेला असं लिहायला वेळ लागतो, पण लिहिल्यावर रेकॉर्डिंग भराभर होतं, मधे अडखळणं नाही, व्हिडिओ लहान होतो.

१५ डिसेंबर

सकाळी दहानंतरचं रेकॉर्डिंग पांढरंफटक येतंय. खिडकी दक्षिणेची, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो, ऑक्टोबरमधे खिडकीच्या चौकटीत असलेलं ऊन आता थेट टेबलापर्यंत येतं, आणि पडद्याच्या फटीतून आलेला एक पट्टासुद्धा लॉक केलेल्या एक्स्पोजरला पुरतो. ऑटोवर परत जायचं नाही. पडद्यामागं काळा कागद चिकटवला.

१९ डिसेंबर

वर्तुळ धडा पूर्ण. स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय दोन भागांत केलं, कारण तीन उदाहरणं वेगळी दाखवावी लागतात आणि एका व्हिडिओत ती दाटीवाटीनं येतात. पुनर्वापराच्या सोयीसाठी सगळी सेटिंग एका कागदावर लिहून रॅकच्या बाजूला चिकटवलीत: फोकसचा आकडा, एक्स्पोजर -६, व्हाइट बॅलन्स, दिव्यांच्या जागा. टेबलावर दिव्यांच्या पायांभोवती खडूनं खुणा.

४ जानेवारी २०२५

शेजारच्या गावातल्या शाळेतले विज्ञानाचे सर येऊन गेले, त्यांना प्रयोग रेकॉर्ड करायचेत, म्हणजे लिटमस, आम्ल-आम्लारी वगैरे. त्यांना रंग खरे दिसायला पाहिजेत, तेव्हा बल्बच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघायला सांगितलं, ८० च्या वर हवा, ९० मिळाला तर उत्तम, आणि व्हाइट बॅलन्स लॉक करताना समोर साधा पांढरा कागद धरायचा. काचेच्या भांड्यांमागं काळं कापड लावलं की कडा नीट दिसतात, ते आम्ही इथंच ग्लासात पाणी घेऊन बघितलं. अँगल आणि बोल्टचं माप ते लिहून घेऊन गेले. शनिवारी त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग आमच्याच टेबलावर करायचं ठरलंय, त्याआधी मला समरूपतेतल्या प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची वाक्यं लिहून संपवायचीत.